नमस्कार आणि सेवा यांच्या मधला शब्द

वाचकाचे पत्र, थोडक्यात: जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका शिक्षिका गेली नऊ वर्षे दर रविवारी ज्ञानेश्वरी चिंतनाच्या वर्गाला जातात. वर्ग चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'काका' म्हणतात. पतीच्या दीर्घ आजारपणात या वर्गाने त्यांना सावरले. गेल्या चातुर्मासात काकांनी एका ओवीचा अर्थ सांगितल्यावर 'सार्थ प्रतीत हा अर्थ वेगळा दिला आहे' असे त्या वर्गातच नम्रपणे म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्यांच्याकडचे ओव्यांचे वाचन एका नव्या तरुण साधिकेकडे गेले आणि त्यांच्याकडे चपला लावण्याची सेवा आली. 'तुमचा अहंकार उफाळून आला आहे, काका तो तुमच्याकडून घासून घेत आहेत,' असे एका ज्येष्ठ साधिकेने त्यांना समजावले. नवी साधिका मात्र दर वेळी अनुभवकथनात 'काका म्हणजे साक्षात माउलीच' असे सांगते आणि काका डोळे मिटून ऐकतात. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी गुरुपौर्णिमेच्या वर्गणीचा हिशोब विचारला, तेव्हा 'त्यांच्याशी कोणी बोलू नये' असे सांगितले गेले आणि पत्रलेखिकाही त्यांच्याशी बोलायच्या थांबल्या. त्यांचा प्रश्न असा: 'हा खरोखर माझा अहंकार आहे, की तिथेच काही बिघडले आहे? वर्ग सोडला तर तो गुरुद्रोह ठरेल का?'

प्रिय ताई,

तुमचे पत्र चांगले चार पानांचे आहे आणि त्यातले एकच वाक्य तुम्ही कंसात घातले आहे: 'पहिली चार-पाच वर्षे मीही अनुभवकथनात असेच बोलत असे.' मला वाटते, तुमच्या साऱ्या प्रश्नाची किल्ली त्या कंसात आहे. तिथे आपण येऊच, पण आधी तुमचा प्रश्न ज्या पद्धतीने मांडला गेला आहे त्याबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण ती मांडणी तुमची स्वतःची नाही. ती तुम्हाला त्या ज्येष्ठ साधिकेने दिली आहे आणि तुम्ही ती जशीच्या तशी घरी घेऊन आला आहात.

'माझा अहंकार आहे, की तिथे बिघडले आहे' या वाक्यातला 'की' मला खटकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वाचन हातून गेल्यावर तुम्हाला जो चटका बसला, त्यात थोडा अहंकार असेलच. नऊ वर्षे ज्या आसनावर बसून वाचले, ते दुसऱ्या कोणाला मिळाल्यावर मुळीच वाईट न वाटणारा माणूस वर्गाला कशाला येईल? पण तुमच्या मनात अहंकार सापडला म्हणून ओवीचा अर्थ बदलत नाही. तो अर्थ त्या ओवीतल्या शब्दांवर, मागच्या-पुढच्या ओव्यांवर आणि जुन्या जाणकारांच्या विवरणावर उभा आहे. तुमच्या मनःस्थितीचा आणि त्याचा काही संबंध नाही. कोणी अर्थाबद्दल बोलत असताना त्याच्या स्वभावाबद्दल बोलायला लागणे, ही आध्यात्मिक मंडळींमध्ये फार सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि ती चालते याचे कारण 'तुमचा अहंकार बोलतो आहे' या वाक्याला उत्तरच देता येत नाही. 'नाही' म्हणावे तर तोच अहंकाराचा पुरावा, 'हो' म्हणावे तर मूळ प्रश्न तिथेच संपला. ज्या वाक्याला कोणतेही उत्तर दिले तरी उत्तर देणाराच दोषी ठरतो, ते वाक्य कितीही मायेने उच्चारले गेले तरी त्याला उपदेश म्हणू नये.

तुम्ही ज्ञानेश्वरीच्या वर्गाला जाता, तेव्हा ज्ञानेश्वरीकडेच जाऊ. गीतेच्या चौथ्या अध्यायातला 34 वा श्लोक तुमच्या वर्गात अनेकदा म्हटला गेला असणार: 'तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया'. ज्ञान मिळवायचे तर तीन गोष्टी सांगितल्या आहेत, नमस्कार, प्रश्न आणि सेवा. तुमच्या वर्गात नमस्कार भरपूर आहे, सेवाही आहे. मधला शब्द तेवढा गळून पडला आहे. माउलींनी या श्लोकावर लिहिताना सेवेला फार मोठे स्थान दिले आहे हे खरे, 'अगर्वता करावें दास्य सकळ' असेही ते म्हणतात, पण लगेच पुढे 'मग अपेक्षित जें आपुलें । तेंही सांगती पुसिलें' हे येतेच. दास्य करायचे ते गर्व सोडून विचारता यावे म्हणून. विचारणेच बंद पडले तर ते दास्य कशासाठी केले, हा प्रश्न उरतो.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या पत्रावरून पुन्हा पुन्हा आठवत राहिली. शके 1212 मध्ये नेवाशाला हा ग्रंथ सिद्ध झाला, आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात ग्रंथ सांगणारा श्रोत्यांना काय विनवतो? 'न्यून तें पुरतें । अधिक तें सरतें । करूनि घेयावें हें तुमतें । विनविलें मियां'. माझ्या बोलण्यात उणे असेल ते पुरे करा, जास्तीचे असेल ते सावरून घ्या. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, पैठणच्या एकनाथांनी या ग्रंथात शिरलेले अपपाठ काढून तो शुद्ध केला आणि ते काम आपण 'अत्यादरीं' केले असे त्यांनी नोंदवून ठेवले. चूक दाखवणे आणि आदर बाळगणे ही दोन्ही कामे नाथांनी एकाच हाताने केली. तुम्ही सार्थ प्रत उघडून जे म्हणालात ते त्याच परंपरेतले होते, मग तुमचा अर्थ बरोबर असो वा चुकीचा. काकांनी 'चला, दोन्ही अर्थ पाहू' असे म्हणून पाच मिनिटे दिली असती, तर त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना ओवी कायमची पाठ झाली असती.

आता त्या कंसातल्या वाक्याकडे येते.

गुरूला स्तुती आवडते, म्हणून शिष्य स्तुती करतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हे चाक दोन्ही बाजूंनी फिरते. माणूस दुःखात असताना वर्गाला येतो. त्याला कोणीतरी खात्रीने बोलणारे हवे असते. तो म्हणतो, 'तुमच्यामुळे वाचलो', आणि ते त्या क्षणी खरेही असते. हळूहळू त्याच्या लक्षात येते की असे म्हटल्यावर काका आपल्याकडे पाहतात, नावाने हाक मारतात, पुढच्या रांगेत बसवतात. मग तेच वाक्य दुसऱ्यांदा, दहाव्यांदा येते आणि प्रत्येक वेळी त्याला थोडे तूप जास्त लागते. दुसरीकडे काकाही माणूसच आहेत. दर रविवारी चाळीस माणसे आपल्याला माउली म्हणत असतील तर एक्केचाळिसाव्या माणसाचे 'अर्थ वेगळा आहे' हे शब्द कानाला टोचणारच. अशा माणसाभोवती हळूहळू शब्द झेलणारेच उरतात, कारण बाकीचे एकेक करून निघून जातात. म्हणून त्या नव्या साधिकेवर रागावू नका. ती आज जिथे उभी आहे तिथे काल तुम्ही होता. काकांचे कान ज्या स्तुतीने जड झाले, तिच्यात तुमच्या चार-पाच वर्षांचाही वाटा आहे. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. यात जे तुमच्याकडून घडले ते थांबवणे तुमच्या हातात आहे, आणि काकांचा स्वभाव बदलणे तुमच्या हातात नाही, म्हणून म्हणते.

माझ्या लहानपणी वडील एका वृद्ध बुवांकडून पखवाज शिकत असत. बुवा आमच्याच ओटीवर येऊन शिकवीत. एका एकादशीला वडिलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी देवळात साथ केली, लोकांनी वाहवा केली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बुवांच्या पाया पडून 'बुवा, सगळी तुमची कृपा' असे म्हणू लागले. बुवा कणकेचा गोळा पाण्याच्या हाताने मळत होते. त्यांनी तो पखवाजाच्या डाव्या पुडीवर अंगठ्याने दाबून बसवला, एकदा थाप मारून कान दिला, आणि वर न पाहता विचारले, 'दुसऱ्या अभंगाला धरताना अर्धी मात्रा कुठे सोडलीत?' वडिलांचा चेहरा उतरलेला मला आजही आठवतो. पण रात्री जेवताना ते आईला म्हणाले, 'बुवांच्या ते लक्षात आलं होतं.' त्या वाक्यात जो आनंद होता, तो आदल्या रात्रीच्या वाहवेत नव्हता. बुवांना स्तुती ऐकू आली नाही असे नाही. पण त्यांचे लक्ष कणकेत आणि मात्रेत होते. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना आचार्योपासना सहाव्या क्रमांकावर येते आणि तिच्यावरच्या ओव्या वर्गावर्गांतून फार गोडीने वाचल्या जातात. पण यादीची सुरुवात अमानित्वापासून, म्हणजे मानाची हाव नसण्यापासून होते, आणि तिथे माउली म्हणतात, 'पूज्यता डोळां न देखावी। स्वकीर्ति कानीं नायकावी'. गुरुभक्तीच्या आधीचे पाचवे लक्षण आर्जव आहे, म्हणजे सरळपणा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सरळपणा नसताना केलेली आचार्योपासना पुढे-पुढे करण्यापर्यंतच पोहोचते.

तुमच्या चपलांच्या सेवेबद्दल एक शब्द. दारात चपला लावणे हे हलके काम आहे असे मी मानत नाही आणि तुम्हीही मानत नसाल. मला अडचण वाटते ती एवढीच की ते काम तुम्हाला शिक्षा म्हणून दिले गेले. शिक्षा म्हणून ज्याने ते दिले, त्याने त्या सेवेलाही कमी लेखले.

'काका घासून घेत आहेत' या समजुतीच्या मागे एक फार जुनी आणि फार सुंदर कथा उभी आहे, आणि तिचा आधार घेऊन पुष्कळ अन्याय खपवले जातात, म्हणून ती नीट पाहू. तेरढोकीला गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असताना मुक्ताईने मडकी ठोकायचे थापटणे पाहून विचारले, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आम्हीही मडकीच, आम्हालाही तपासा, असे ठरले. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत राहिले, नामदेव तेवढे चिडले, आणि 'हे मडके कच्चे' असा निर्णय झाला. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले, विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे औंढा नागनाथला धाडले, आणि तिथे पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांनी 'जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव' असे सांगून त्यांचे डोळे उघडले. ज्याच्याशी देव बोलतो, ज्याच्या हातचे खातो, त्या नामदेवांना 'तू कच्चा आहेस' असे सांगणारे तोवर कोणी भेटलेच नव्हते.

या कथेत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही तुमच्या वर्गाच्या गोष्टीत नाहीत. थापटणे सगळ्यांच्या डोक्यावर पडले, एकट्या नामदेवांच्या नव्हे. पडले ते समोरासमोर, सगळ्यांना कळेल असे. कोणा तिसऱ्याने मागाहून येऊन त्याचा अर्थ समजावला नाही. आणि नामदेव रागावून उठून गेले तरी 'नाम्याशी कोणी बोलू नये' असे गोरोबांनी कोणाला सांगितल्याचे कथेत नाही. उलट ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग आपल्याला ज्या अभंगांतून कळतो ते नामदेवांचेच. तेव्हा यापुढे कोणी 'ही तुमची परीक्षा आहे' असे म्हणाले तर मनाशी एवढे पाहा: मला माझी नेमकी चूक सांगितली गेली का? ती सुधारण्याची वाट दाखवली गेली का? की फक्त माझी जागा बदलली आणि बाकीच्यांना धडा मिळाला? पहिल्या दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर परीक्षा या शब्दाचे ओझे स्वतःवर घेऊ नका.

आता काय करायचे. काकांना एकदा एकटे भेटा. वर्गानंतरच्या गर्दीत किंवा फोनवरच्या निरोपातून हे होणार नाही. वेळ मागून, शक्यतो त्यांच्या घरी, त्यांच्या घरची माणसे असताना भेटा. तक्रारीची यादी नेऊ नका. 'त्या ओवीच्या वेळी मी वर्गात बोलले ते तुम्हाला आवडले नाही असे मला वाटले. तसे असेल तर माझ्या बोलण्याच्या पद्धतीत काय चुकले ते मला तुमच्याकडूनच ऐकायचे आहे. आणि अर्थाबद्दलची माझी शंका अजून तशीच आहे,' एवढे पुरे. ही तिन्ही वाक्ये सरळ आहेत आणि त्यांत कुठेही उर्मटपणा नाही. शेवटचे वाक्य मात्र गाळू नका. माफी मागून शंका गिळून परत यायची सवय तुम्हाला आहे असे पत्रावरून दिसते. कदाचित काका म्हणतील की वाचनाचा बदल त्यांनी केलेलाच नाही, भोवतीच्या मंडळींनी परस्पर केला. असे फार ठिकाणी होते. गुरूच्या नावाने चालणाऱ्या अर्ध्या गोष्टी गुरूला ठाऊक नसतात, आणि मग त्या ठाऊक करून देणे हीच सेवा ठरते. कदाचित ते दुखावले गेल्याचे मान्य करतील, तर तो माणूस अजून शिकतो आहे असे समजून तुम्ही निर्धास्तपणे वर्गाला जात राहा. पण त्यांनी तुमचे बोलणे ऐकून घेऊन पुढच्या रविवारी नाव न घेता सगळ्यांसमोर त्यावर प्रवचन केले, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले असे समजा.

ही भेट होईपर्यंत, आणि झाल्यानंतरही काही आठवडे, अनुभवकथनात स्तुती करायची नाही असा नेम करून पाहा. आभार मानावेसे वाटले तर नेमके माना: 'मागच्या आठवड्यात क्षमेवर जे बोलणे झाले, त्यामुळे मी सासूबाईंशी भांडण मिटवले.' असे सांगितल्याने ऐकणाऱ्यालाही काही हाती लागते आणि सांगणाऱ्याचेही मन वाहवत नाही. हा नेम इतर वाचकांनीही, कोणत्याही गुरूंकडे, केंद्रात किंवा मठात जात असाल तरी करून पाहण्यासारखा आहे. स्तुती बंद केल्यावर आपल्याशी वागणाऱ्यांत काय बदलते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याच आत काय कासावीस होते, हे त्या काही आठवड्यांत जेवढे कळते तेवढे एरवी वर्षानुवर्षे कळत नाही. त्याच काळात घरी रोज थोड्या ओव्या स्वतःच्या स्वतः वाचा. नऊ वर्षांनंतर तुमचे साधन काकांच्या उपस्थितीशिवाय चालते का, हे तुम्हाला ठाऊक असलेच पाहिजे.

हिशोबाच्या बाबतीत मी अधिक स्पष्ट बोलते. एकनाथांची गोष्ट आपण मुलांना सांगतो: देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशोब लिहिताना एका पैची चूक सापडेना, म्हणून ते रात्र रात्र दिवा लावून बसले, आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. गुरूने शिष्याला हिशोबाला बसवले, ती एक पै शोधू दिली, त्यात कोणाला अश्रद्धा दिसली नाही. वर्गणी गोळा होत असेल तर तिचा जमाखर्च वर्षातून एकदा वाचून दाखवला जावा, ही साधी अपेक्षा आहे. संस्था नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार हिशोब ठेवून त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे आणि ते धर्मादाय कार्यालयाला सादर करणे विश्वस्तांवर बंधनकारकच असते. आणि ज्या वाचकांच्या बाबतीत गोष्ट वर्गणीच्या पुढे गेली आहे, म्हणजे दागिने, घर, कर्ज, एकांतातील लगट किंवा धमकी यांच्यापर्यंत आली आहे, त्यांनी समजूत, भेट, नेम यांपैकी काहीही करत बसू नये. घरच्या विश्वासू माणसाला सांगावे, कागद जपून ठेवावेत आणि पोलीस ठाणे गाठावे. ताई, तुमच्या पत्रात तसे काही नाही, म्हणून मी तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलते आहे.

राहिला गुरुद्रोहाचा प्रश्न. पतीच्या आजारपणात या वर्गाने तुम्हाला धरून ठेवले, हे ऋण खरे आहे आणि ते मी लहान करणार नाही. पण ऋण मान्य करणे वेगळे आणि त्यापोटी आपली विचारशक्ती गहाण ठेवणे वेगळे. तुकोबांनी 'मेघवृष्टीनें करावा उपदेश । परि गुरूनें न करावा शिष्य' असे म्हटले आहे. पाऊस पडतो तेव्हा शेताने कोणाच्या नावाने हिरवे व्हावे याची अट ढग घालत नाही. तुमच्यावर जो पाऊस पडला तो तुमच्या शेतात मुरला आहे. तुम्ही दुसऱ्या गावी राहायला गेलात तरी तो परत मागता येणार नाही. वर्ग सोडायचाच ठरला तर चोरून सोडू नका आणि गाजावाजा करूनही सोडू नका. काकांना नमस्कार करून, काय मिळाले ते सांगून, का थांबते आहे तेही एका वाक्यात सांगून या. 'इतकी वर्षे घातली' हे राहण्याचे कारण होऊ देऊ नका, आणि 'माझे वाचन काढले' हे जाण्याचे कारण होऊ देऊ नका. वाचन उद्या तुम्हाला परत मिळाले तर तुमची तक्रार विरघळेल का, हे स्वतःला विचारा. विरघळणार असेल तर अजून घरचाच अभ्यास बाकी आहे आणि जाण्याची घाई नको.

हे सारे करण्याआधी मात्र एक काम आहे. हिशोब विचारणाऱ्या त्या गृहस्थांशी तुम्ही दोन वर्षे बोललेल्या नाहीत, ते भाजी मंडईत समोरून आले तेव्हा तुम्ही गल्ली बदललीत, हे तुम्हीच लिहिले आहे. आज तुमच्याशी जे घडते आहे ते त्यांच्याशी आधी घडले, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या बाजूला होता. काकांची वेळ ठरायला आठ-पंधरा दिवस लागतील. त्या गृहस्थांच्या घरी आज संध्याकाळीही जाता येईल. हिशोबाचे काय झाले ते विचारायला नको, वर्गाचा विषयही काढायला नको. 'मी बोलायचे थांबले ते चुकले' एवढे म्हणा, आणि त्यांनी चहा ठेवला तर थांबून चहा घ्या.

तुमची,
सदरलेखिका